सिस्टरची वहिवाट

तुमच्या आईने परवा फोटो पाठवला. तुम्ही दोघे इंग्लंडमधल्या तुमच्या नव्या गावाहून शेजारच्या गावाला चालत निघाला आहात. मागे दगडी कुंपण आहे, लाकडी खांबावर पायवाटेचा बाण आहे, आणि दोघांच्याही पायांत जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, आहेत. खाली तिने लिहिलं होतं, तिथे जॅन्डल्स म्हटलं तर कोणाला कळत नाही, पण ही दोघं शब्द सोडत नाहीत. सोडू नका. इथल्या फ्लॅट बुशच्या घरातून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, दूध आणायलाही गाडी काढणारी आपली माणसं आता दोन गावांच्या मधून चालत जातात हे बघून बरं वाटलं. थोडी दमलेही. हल्ली दुसऱ्याला चालताना बघूनसुद्धा मला दम लागतो.

त्या फोटोने मला सिस्टर आठवल्या. खरं तर हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं. पण सिस्टर इथल्या गायींशीसुद्धा मराठीत बोलायच्या, तेव्हा त्यांच्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहिणं मला जमेना. आईला वाचून दाखवायला सांगा. तुम्ही उत्तर इंग्रजीत दिलंत तरी हरकत नाही. गायीही त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायच्या.

सिस्टर म्हणजे कोणाची बहीण नव्हे. इथल्या पामर्स्टन नॉर्थ शहराच्या हॉस्पिटलात त्या आयुष्यभर नर्स होत्या. तुमचे आजोबा तिथे डॉक्टर म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाले, "वॉर्डात एक कोल्हापूरची बाई आहे. सर्जन तिला विचारून खोकतात." सिस्टरनी लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराबाहेरच्या एका खेड्यात छोटं घर घेतलं, आणि पुढे आजोबा गेल्यावर मीही त्याच खेड्यात राहायला आले. एक शाळा, एक हॉल, बंद पडलेलं एक दुकान आणि वारा, एवढंच ते गाव.

कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा सिस्टर स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायच्या. "मी येतो," "मी बघतो," "मी कशाला दमतो?" तुमची आई लहानपणी त्यांना दुरुस्त करायला जायची. त्या तिला म्हणायच्या, "तुझ्या आईचं पुण्याचं मराठी इस्त्रीचं आहे, बाळ. माझं रोजच्या वापरातलं." त्या मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. पुणेकरीण म्हणायच्या.

आमच्या गावाच्या मागे एक टेकडी आहे आणि टेकडीपलीकडे दुसरं गाव. गाडीने जायचं तर नदीला लांब वळसा घालून, पूल ओलांडून जावं लागतं. पण टेकडीवरून, गायींच्या कुरणांमधून, सरळ एक वाट जाते. वाट म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नाही. नकाशात मात्र तिथे रस्ता आहे. फार पूर्वी सरकारने कागदावर आखला आणि पुढे कोणी बांधलाच नाही. इथे अशा रस्त्याला पेपर रोड म्हणतात. तो सार्वजनिक असतो, कोणीही चालावं. सिस्टर दर गुरुवारी चालायच्या.

त्यांचा तो अवतार तुम्ही पाहायला हवा होता. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, खाली गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, वर पुरुषी मापाचा मेणकापडाचा कोट, आणि केसांवर हॉस्पिटलातून आणलेली ऑपरेशनची टोपी. वाऱ्यात दुसरं काही टिकत नाही म्हणायच्या. पाठीवरच्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खोबरेल तेलाची बाटली आणि एक केसांचा ब्रश. तेल आणि ब्रश कशाला ते पुढे सांगते.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती केवळ एकटी घरात बसून कंटाळले म्हणून. मला चालण्याची हौस नव्हती, अजूनही नाही. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. सिस्टरनी त्या वाटेचे भाग पाडून त्यांना नावं दिली होती. टेकडीच्या पायथ्याचं पहिलं गेट म्हणजे ॲडमिशन. मग गायींच्या कुरणातून जाणारा उभा चढ, तो ऑपरेशन. वरच्या मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या रांगेखाली वारा लागत नाही, ती रिकव्हरी. आणि पलीकडच्या उताराला, त्या गावाच्या हॉलशेजारी उघडणारं शेवटचं गेट म्हणजे डिस्चार्ज. ऑपरेशनच्या मध्यावर मी धापा टाकत उभी राहिले की त्या माझं मनगट पकडून नाडी बघायच्या.

"काय आहे?" मी विचारायची.

"आहे अजून. चल."

"जरा बसू या ना, सिस्टर."

"बसलीस की संपलीस. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला मी दुसऱ्या दिवशी उठवून चालवायचो. रडायच्या, शिव्या द्यायच्या. पण चालायच्या. नाहीतर माणूस अंथरूण धरतं. वाटेचं तसंच आहे बघ. चाललं नाही तर वाटसुद्धा अंथरूण धरती."

हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. त्याच्या मागे एक जुनी गोष्ट होती. सिस्टरच्या माहेरी, शेतातून विहिरीकडे जाणारी एक वाट होती. आजोळी कोणाचं तरी दुखणं निघालं, घरचे तिकडे अडकले, काही वर्षं त्या वाटेने जाणं सुटलं, आणि शेजाऱ्याने ती नांगरून टाकली. भांडण झालं तेव्हा पंच म्हणाले, तुमची वहिवाट मोडली. वहिवाट हा शब्द तुम्ही आईला नीट विचारा. एखाद्या वाटेने लोक वर्षानुवर्षे जात राहिले की त्या जाण्यानेच तिच्यावर हक्क तयार होतो, त्याला वहिवाट म्हणतात. जाणं थांबलं की हक्क पातळ होत जातो. सिस्टरच्या आईला मग पाण्याला लांबून जावं लागलं, आणि ते त्या कधी विसरल्या नाहीत.

म्हणून पाऊस असो, दक्षिणेचा बोचरा वारा असो, ताप असो, गुरुवार चुकायचा नाही. मी म्हणायची, "आज राहू द्या. रस्ता सरकारी आहे, नकाशात आहे."

"कागदावर आहे," त्या म्हणायच्या. "कागदावर आहे म्हणजे नाहीच की. आपल्याकडं कागदावर शाळा असतात, कागदावर विहिरी असतात. चाललं तर आहे."

तर तेल आणि ब्रश. डिस्चार्जच्या गेटातून बाहेर पडलं की हॉलच्या पुढे एक छोटंसं रेस्ट होम, म्हणजे वृद्धाश्रम, होतं आणि तिथे आँटी राहायच्या. आँटी माओरी होत्या. सिस्टरच्या वॉर्डात त्या मदतनीस म्हणून होत्या, दोघींनी कितीतरी पाळ्या बरोबर केल्या होत्या. त्यांना सगळं गाव आँटी म्हणायचं, मीही म्हणायची. आता त्यांची नजर गेली होती आणि आठवणही ये-जा करायची. सिस्टर त्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसायच्या, पांढरे लांब केस मोकळे करून तेल लावायच्या, विंचरायच्या आणि वेणी घालायच्या. तिथल्या मुली फार चांगल्या होत्या, पण त्यांना वेणी घालायला वेळ नसे. आँटींचे केस दुसरं कोणी तसे विंचरत नव्हतं, आणि आँटी दुसऱ्या कोणाला विंचरू देत नव्हत्या.

"किया ओरा, सिस्टर," त्या पावलांच्या आवाजावरूनच म्हणायच्या. "हँडओव्हर दे."

पाळी बदलताना एक नर्स दुसरीला सगळ्या पेशंटांची माहिती देते, तो हँडओव्हर. आँटींना वाटायचं, आपण अजून ड्यूटीवर आहोत. की गंमत करायच्या, कोण जाणे. सिस्टर मात्र गंभीरपणे द्यायच्या. पहिलं गेट बंद होतं. वरचं उघडं होतं. ओढ्याला पाणी आहे. गायी खालच्या कुरणात. फ्लॅक्सच्या झाडावर टुई पक्षी बसलेला. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "सगळी गेटं होती तशी ठेवलीत."

हे वाक्य माझ्यासाठी टोमणा होतं. इथे शेतातून चालण्याचा एकच नियम आहे, गेट जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, कारण शेतकऱ्याने ते काही विचाराने तसं ठेवलेलं असतं. मला उघडं दार दिसलं की लावावंसं वाटतं, कपाट असो की कुरण. सिस्टर माझ्या हातावर चापट मारायच्या.

एकदा मी म्हणाले, "मी गाडीने नेते तुम्हाला आँटींकडे. पावसाळी हवा आहे."

"आज तू नेशील. उद्या तुझे गुडघे, परवा तुझा मोतीबिंदू. मग मी काय तुझ्या डॉक्टरची वाट बघत बसू? ही वाट कुणाच्या मेहरबानीवर नाही."

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे एकदा शिकल्या होत्या, पण गाडीला नाडी नसते, तिचं काय चाललंय ते कळत नाही, असं म्हणून सोडून दिली. तेव्हा वाट गेली तर आँटी गेल्या, हिशेब सरळ होता.

आणि वाट जायची वेळ आली ती सिस्टरमुळेच.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी वसुबारस असते. त्या दिवशी गाय आणि वासरू यांची पूजा करतात. तो नेमका गुरुवार होता. सिस्टर कुंकवाची डबी आणि डब्याच्या झाकणात हळद घेऊन निघाल्या. मी म्हटलं, गायी आपल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गाय काय कुणाची असती?" ऑपरेशनच्या चढावर विजेच्या तारेपलीकडे गायी उभ्या होत्या. इथल्या गायी फार चौकस. माणूस थांबलं की सगळ्या येऊन बघत उभ्या राहतात. सिस्टरनी तारेवरून हात लांब करून जवळच्या पाच-सहा गायींच्या कपाळाला हळद लावली, वर ठसठशीत कुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग इकडेतिकडे बघायला लागल्या.

"वासरं कुठायत?"

वासरं दुसऱ्या कुरणात होती. इथे दुधाच्या गायीपासून वासरू जन्मल्या-जन्मल्याच वेगळं करतात. पूजा असते ती वासरासकट गायीची, आणि वासरासकट गाय त्या अख्ख्या टेकडीवर नव्हती. सिस्टरनी डबी पुन्हा उघडली. मग वळसा घालून दुसऱ्या कुंपणापाशी गेल्या आणि वासरांनाही कुंकू लावून आल्या. "आता जोडली," म्हणाल्या.

दोन दिवसांनी गायींचा मालक सिस्टरच्या दारात आला, मी तिथेच बसले होते. तरुण होता, बापाच्या मागे शेत सांभाळत होता. इथल्या रीतीप्रमाणे त्याने बूट बाहेर काढले होते. मोजे घालून रागावणं माणसाला अवघड जातं, तरी तो बराच रागावला होता.

दुधाच्या गायीला औषध दिलं की तिच्या अंगावर लाल रंगाची खूण करतात. त्या गायीचं दूध बाकीच्यांच्या दुधात मिसळायचं नाही, नाहीतर सगळी टाकी फुकट जाते. त्या दिवशी तो बाहेर होता आणि दूध काढायला बदली माणूस आला होता. त्याने लाल कपाळं पाहिली, म्हटलं इथे खूण कपाळावर करत असतील, आणि त्या सगळ्या गायी वेगळ्या काढून त्यांचं दूध ओतून टाकलं. वर कुठलं औषध दिलंय ते सापडेना म्हणून व्हेटला बोलावलं.

"सिस्टर, तो रंग कसला होता?" मालकाने विचारलं.

"रंग नाही. नमस्कार होता," सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. मग मात्र उठून उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. औषधाची खूण चुकणं म्हणजे काय, ते मला शिकवायला नको. मी माफी मागते."

त्याने खाली मोज्यांकडे पाहिलं. "राग तुमच्यावर नाही, सिस्टर. पण उद्या दुसरं कोणी येईल, परवा तिसरं. गायी सांभाळू की येणारे-जाणारे? तो रस्ता बंद करा म्हणून मी कौन्सिलकडे अर्ज करणार आहे." आणि जाताना म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज."

अर्ज केला त्याने. कौन्सिलने कळवलं, ज्यांची हरकत असेल त्यांनी हॉलमध्ये येऊन सांगावं.

त्या दिवसांत सिस्टरची झोप गेली. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं म्हणून भाषण मी लिहायचं ठरलं, आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही वहिवाट या एका शब्दावर अडून बसलो. मी एकेक इंग्रजी शब्द काढायची. हक्क, वापर, रिवाज, ये-जा, सगळ्याला शब्द होते. त्या प्रत्येकाला मान हलवायच्या.

"यात वाट कुठंय?"

"वाट निराळी सांगावी लागेल, सिस्टर."

"निराळी कशी सांगणार? शब्दातच आहे ती." मग हळूच म्हणाल्या, "पुणेकरीण, बंद झाली तर तिचे केस कोण विंचरणार गं?"

मी पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

हॉलमध्ये बरीच माणसं आली होती. घोड्यावरून जाणारे दोघे बोलले, शाळेच्या बाई बोलल्या. मालक बोलला, थोडक्यात आणि सभ्यपणे. मग सिस्टर उठल्या. साडी, गमबूट, टोपी. माझं भाषण त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं ते काढलंच नाही. त्यांनी सांगितलं की निवृत्त झाल्यापासून मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. वादळात चालले, ताप असताना चालले, मनगट मोडलेलं असताना चालले. आमच्याकडे याला वहिवाट म्हणतात. मी ती मोडू दिलेली नाही. म्हणून ही वाट जिवंत आहे आणि तुम्हाला ती घेता येणार नाही.

कौन्सिलच्या बाई मध्यमवयीन आणि मऊ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, शब्द फार सुंदर आहे. पण मी सांगायला हवं. तुम्ही चालला नसतात तरी तो रस्ता रस्ताच राहिला असता. शंभर वर्षं कोणी पाऊल टाकलं नाही तरी राहतो. नकाशात आहे ना, मग आहे." आणि धीर द्यावा तसं हसून पुढे म्हणाल्या, "तुम्हाला त्याच्यासाठी चालायची काही गरज नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर खाली बसल्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. एका लाल टिळ्यासाठी लोकांचा रस्ता काढून घेता येत नाही, असं ठरलं. मालकानेही पुढे वाद घातला नाही. त्याने चढावर कुंपण ओलांडायला एक लाकडी पायरी बसवली आणि शेजारी पाटी लावली, कृपया गायींना रंग लावू नये. माझ्या माहितीत या देशात अशी पाटी दुसरी नाही.

हॉलमधून घरी येताना मी आनंदात होते. सिस्टर मात्र त्यांच्या फाटकापाशी थांबल्या.

"म्हणजे मी उगीच चालत होतो?"

"अहो, उगीच कसं? आपण जिंकलो की."

"ती जिंकणारच होती. मी चाललो काय, नाही चाललो काय." आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

आपल्याकडे एखादी गोष्ट कागदावर आहे म्हणजे ती नसते. इथे कागदावर आहे म्हणजे असतेच. एवढ्या एका फरकावर त्या बाईची सगळी वर्षं उभी होती. तुमच्या इंग्लंडात म्हणे लोकांनी वर्षानुवर्षे चालून चालून वाटा हक्काच्या केल्या आहेत. म्हणजे सिस्टरचा कायदा बरोबर होता, फक्त देश चुकला.

त्यानंतरच्या गुरुवारी पाऊस होता. मी बूट घालून त्यांच्या दारात गेले तर त्या खिडकीशी चहा घेऊन बसलेल्या. "आज पाय जड झालेत," म्हणाल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दमणं हा प्रकार त्यांनी मला शिकवला नव्हता, तो माझा होता. पुढच्या गुरुवारी हवा स्वच्छ होती, तरी त्या म्हणाल्या, "गाडी काढतीस का?" मी काढली. नदीला वळसा घालून गेलो.

आँटींनी पावलं ओळखली नाहीत, कारण पायांत गमबूट नव्हते. "कोण?" म्हणाल्या. सिस्टर मागे बसल्या, केस मोकळे केले. दोन आठवड्यांपूर्वीची वेणी तशीच होती. वरून विसकटलेली, आत गाठी झालेली. कोणाला हात लावू दिला नव्हता.

"हँडओव्हर दे."

सिस्टरकडे द्यायला काही नव्हतं. गाडीच्या काचेतून काय दिसणार? म्हणून त्यांनी हॉलमधली सगळी हकीकत सांगितली. रस्ता आपोआप राहतो, चालायची गरज नव्हती, मी आयुष्यभर येड्यासारखी चालले, सगळं.

आँटी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "तू त्या रस्त्यासाठी यायचीस? मला वाटलं, तू मला भेटायला येतेस."

सिस्टर ब्रश हातात घेऊन तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "बोथ."

"मग एक तरी नीट कर," आँटी म्हणाल्या. "गाठी दुखतात."

पुढच्या गुरुवारी गमबूट पुन्हा बाहेर आले. पण पूर्वीचा जोर नव्हता. ऑपरेशनच्या चढावर आता त्याही थांबायच्या आणि मी त्यांची नाडी बघायची. मला नाडी बघता येत नाही. आहे अजून, असं म्हणायची.

आँटी हिवाळ्यात गेल्या. त्यांना शेवटचं ठेवलं होतं त्या मराईवर, माओरींच्या सभाघरात, सगळं पलीकडचं गाव जमलं होतं, आणि आम्हाला न्यायला दोन घरच्या गाड्या तयार होत्या. सिस्टर वाटेने गेल्या. मीही गेले, पाय ओढत. आँटींच्या डोक्याशी त्यांच्या घरच्या बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली. सिस्टर वाकल्या आणि कानाशी हँडओव्हर दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत. पहिलं गेट बंद, वरचं उघडं, ओढ्याला खूप पाणी, गायी शेडमध्ये. सगळी गेटं होती तशी ठेवलीत.

मग वर्षभरात सिस्टरचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याही आँटींच्याच रेस्ट होमला गेल्या. आँटींची खोली मिळाली नाही. तिथे आता एक आजोबा आणि त्यांचा मोठा टीव्ही होता. सिस्टरना दिसायला कमी झालं होतं. मी गुरुवारी जायची. दारातून आत गेले की पहिला प्रश्न एकच, "चालत आलीस का गाडीनं?"

आता हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्याच्याने तो चढ होत नव्हता. मी गाडीने वळसा घालून जायची, गाडी हॉलच्या मागे लावायची, गमबूट चढवायची आणि डिस्चार्जच्या गेटातून आत जाऊन, ओल्या मातीत थोड्या फेऱ्या मारून बाहेर यायची. मग चिखलाच्या पायांनी त्यांच्या खोलीच्या अंगणातल्या दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "चालत."

एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "बूट दे इकडं."

बूट काढून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, तळव्यावरून बोटं फिरवली, नाकाशी नेला. मला वाटलं, चिखल पुरेसा आहे.

"शेण कुठंय?"

मी दुसरा पाय मागे घेतला.

"गायींच्या कुरणातून आलीस आणि बुटाला शेण नाही. म्हणजे ॲडमिशन नाही, ऑपरेशन नाही. नुसता डिस्चार्ज घेऊन आलीस व्हय गं, पुणेकरीण?"

"गुडघे दुखतात हो, सिस्टर."

त्यांनी बूट खाली ठेवला, जसा दिला होता तसा, टाच माझ्याकडे करून. "चालतंय," म्हणाल्या. आणि मग त्यांच्या वॉर्डातल्या आवाजात, "पुढच्या गुरुवारी रिकव्हरीपर्यंत चढून ये. त्याच्या पुढच्याला कुरणात उतर. एकदम नाही. दर खेपेला थोडं."

मी त्यांची पेशंट झाले. शेवटच्या गेटातून उलटी चढत रिकव्हरीपर्यंत गेले, बसले नाही, परत आले. मग थोडं पलीकडे, गायींच्या कुरणात उतरले. ज्या दिवशी बुटाला शेण लागलं त्या दिवशी सिस्टरनी हात लावून पाहिलं आणि खोलीतल्या मुलीला म्हणाल्या, "शी इज मोबिलायझिंग." पेशंट उठून चालायला लागला की नर्सा असं म्हणतात. ॲडमिशनच्या गेटापर्यंत मात्र मी कधी पोचले नाही. त्याआधी सिस्टर गेल्या.

वाट आहे. नकाशात आहे, म्हणजे आहेच, मी गेले नाही तरी राहील. दर गुरुवारी सकाळी मी हे स्वतःला सांगते, आणि ते खरं असतं, आणि तेवढंच ऐकून पुन्हा अंथरुणात पडावंसं वाटतं. आता बूट बघायला कोणी नाही. तरी उठते. शेण लागेपर्यंत चालते आणि मग परत फिरते.

तुमच्या फोटोत हिरवळ छान आली आहे, दगडी कुंपण छान आहे, तुम्ही दोघंही छान दिसता. पण पाय फार स्वच्छ आहेत. पुढच्या वेळी दुसऱ्या गावाला पोचल्यावर फोटो काढा, आणि आईला सांगा, चेहरे नाही आले तरी चालतील.